जाळं जड लागतंय

बान नोंग साय
९ जुलै

सायरुंग,

हे पत्र तुझ्या हातात पडेल की वाटेतच कुठे कुजेल, मला ठाऊक नाही. दोन वर्षांपूर्वी तू कोरियातून थंडीचे कपडे आणि सुकवलेलं शेवाळ पाठवलं होतंस, त्या खोक्यावर तुझ्या कारखान्याचा पत्ता होता. खोकं मी कोंबडीला अंडी उबवायला दिलं होतं. काल तिला उठवून तेवढा पुठ्ठा कापून काढला. शाळेतल्या जुम बाईंनी ती अक्षरं चित्र काढावं तशी पाकिटावर उतरवून दिली. कोंबडी अजून माझ्याकडे तिरकी बघते.

कामाचं आधी लिहिते. तुझी लेक अकरा दिवस बोललेली नाही. एक शब्द नाही. हातात चिकट भाताचा गोळा दिला तर धरून बसते, तोंडात घालत नाही. दूध पाजते ते नाक दाबून. सात वर्षांची पोर, शाळेचा घागरा कमरेवर राहत नाही, सेफ्टी पिन लावून पाठवते. खाओहोम, खाओहोम म्हणून हाका मारून माझा घसा बसला.

फोन तळ्यात पडला. तू जाताना तिच्याजवळ ठेवून गेलीस तो, तुझा जुना. तेव्हापासून हे असं. तुझा नंबर त्यातच होता आणि गावात दुसऱ्या कुणाकडे नाही, कारण तू निम्म्या गावाशी भांडून गेलीस. हे भांडखोरपण माझ्यावरच गेलंय, म्हणून जास्त बोलत नाही. जुम बाईंनी त्यांच्या फोनवर तुला तासभर शोधलं. तिथे परवान्याशिवाय राहतेस म्हणून तू नाव बदललंस, फोटो काढून टाकलेस. पोलिसांपासून लपलीस ती आमच्यापासूनही लपलीस.

एप्रिलपासून तुझा एकही फोन नाही, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. ते आत्ता नको.

मागच्या बाजूला जुम बाईंचा नंबर लिहिला आहे. त्यावर फोन कर. माझ्याशी नको बोलूस हवं तर. तिच्याशी बोल.

आई


१८ जुलै

सायरुंग,

फोन पडला नाही. मी बुडवला.

आता शिव्या देऊन घे. झालं? मग पुढचं वाच.

तुझ्या लेकीचं एप्रिलनंतर काहीतरी बिनसलं. घराखाली खांबांच्या सावलीत मी जाळी विणत बसायची आणि ती खांबाला टेकून त्या फोनला चिकटून. हाक मारली तर ओ नाही, पण फोनकडे बघून आपली आपण "हो" म्हणायची. एकटीच हसायची. जेवताना भाताचा घास उचलून त्या काचेसमोर धरायची आणि मगच तोंडात घालायची. संध्याकाळी अंगणात खेळत असली की मध्येच फोन कानाला लावायची आणि कुणीतरी दटावल्यासारखी पाय झाडत घरात पळायची. मी विचारलं, "कोण बोलवतंय गं?" तर म्हणाली, "कुणी नाही, याय." आजीकडे नजर नाही, दुसरीकडे.

शेजारची बुआलोय म्हणाली, "पोरीचा ख्वान त्या काचेत गेलाय. आजकालच्या पोरांचं हेच. अंग इथे आणि जीव तिथे."

तुला आठवत असेल, तू आंब्यावरून पडलीस तेव्हा तीन दिवस नुसती भिंतीकडे बघत होतीस. तुझा ख्वान दचकून झाडाखालीच राहिला होता. मीच मासे धरायचं जाळं घेऊन गेले, उकडलेलं अंडं, केळं, भात आणि तुझा झगा त्यात ठेवला, हाका मारत तुझा ख्वान मातीवरून उचलून आणला आणि तुझ्या मनगटाला धागा बांधला. दुसऱ्या दिवशी तू मासा मागितलास. मग हिचाच का नाही येणार?

ख्वान बोलावणाऱ्या खामपुन म्हाताऱ्यांकडे गेले. ते म्हणाले, "ख्वान जिथे सांडला तिथूनच उचलावा लागतो, लाम्दुआन. कुठे सांडला?"

मी म्हटलं, "फोनमध्ये."

म्हाताऱ्यांनी डोकं खाजवलं. "मोटारसायकलवरून पडलेल्यांचे उचललेत. बुडता बुडता वाचलेल्यांचे उचललेत. सैन्यातून भेदरून पळून आलेल्या एकाचा छावणीच्या कुंपणापाशी जाऊन उचलला. फोनमधून अजून नाही. पण जाळं काय, सगळ्याला तेच."

मग केळीच्या पानावर फोन ठेवला. माझ्या हातचं नवं जाळं, बाजारात कधी विकलं नसतं इतकं बारीक विणलेलं. तीनदा फोनवरून फिरवलं. "ये रे खाओहोमच्या ख्वाना, घरी ये. चिखलात राहू नको, काचेत राहू नको, घरी भात गरम आहे." रीत पाळली, जाळं कापडानं झाकून कुणाशी न बोलता पायऱ्यांपर्यंत आणलं. आतून बुआलोयनं विचारलं, "आला का?" मी म्हटलं, "आला." पोरीच्या हाताला धागा बांधला. ती सगळा वेळ फोन केव्हा परत मिळतो ते बघत होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बुआलोय म्हणाली, "दार उघडं ठेवलंस तर मांजर शिरणारच." पोर आंघोळीला गेली तेव्हा मी फोन दगडासकट फडक्यात बांधला आणि घरामागच्या कमळाच्या तळ्यात टाकला. मला वाटलं, दोन दिवस रडेल, तिसऱ्या दिवशी माणसात येईल.

ओल्या केसांनी बाहेर आली. "याय, फोन?"

मी हनुवटीनं तळं दाखवलं. लढाई जिंकल्यासारखी उभी होते मी, सायरुंग. ते मला विसरता येत नाही.

ती काठापर्यंत धावली आणि मागे वळून किंचाळली, "याय, आई आत आहे! काढ तिला! तिला पोहता येत नाही!"

खरंच तुला येत नाही. तिला हे कुणी सांगितलं, तूच ना? ते तिचं शेवटचं बोलणं.

पुढचं मला जुम बाईंनी सांगितलं, त्यांना ते आता वर्गातल्या पोरांकडून कळलं. एप्रिलच्या आधी तू तिला बोलून पाठवलेले निरोप फोनमध्ये साठले होते. सोळा. तिला वाचता येत नाही, पण कुठला कुठे आहे ते पाठ होतं. सकाळी "ऊठ गं, केस विंचर." जेवताना "काय खातेस, दाखव बघू." संध्याकाळी "मच्छर आले, आत पळ." दिवसभर ती तुझ्या वेळापत्रकानं चालत होती. बाईंकडे एकदा सुट्टी मागितली होती म्हणे, "बाई, पाच मिनिटं जाऊ? आईची बोलायची वेळ झाली." बाईंना वाटलं, तू खरंच फोन करतेस.

ती फोनला नाही दाखवत होती घास. तुला दाखवत होती.

बुआलोयच्या मुलानं दोन दिवस बुड्या मारून फोन काढला. तालुक्याच्या दुकानात दिला. दुकानदार पोरगा म्हणाला, "आजी, हा गेला." मी म्हटलं, "फोन जाऊ दे, आतलं बोलणं काढून दे, बाकी काही नको." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मीच खाली बघितलं. आतलं कार्ड तुझ्या नावावर आहे. नवं हवं तर तू स्वतः ओळखपत्र घेऊन यायचं, असं कंपनीतली बाई म्हणाली. तू येऊ शकली असतीस तर मला कार्ड कशाला लागलं असतं?

फोन कर.

आई


२९ जुलै

सायरुंग,

तुझं उत्तर नाही. तो कारखाना तू सोडला असशील, पत्र दारात पडून असेल. तरी लिहिते.

आरोग्य केंद्रात दोनदा सलाईन लावलं. नर्स म्हणाली, वजन सोळा किलो, आणखी उतरलं तर जिल्ह्याला न्या. जिल्ह्याच्या डॉक्टरनं घशात बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाला, घसा चांगला आहे. मला काय माहीत नव्हतं? बुआलोयनं तिचा फोन आणून दिला, त्यात नाचणारी मांजरं लावली. पोरीनं तो उलटूनपालटून पाहिला आणि परत दिला. मग मला कळलं, तिला फोनचं वेड कधी नव्हतंच. आम्ही म्हाताऱ्या सगळ्या पोरांना एकाच काठीनं हाकतो.

आता ते एप्रिलचं सांगते. मागे "नको" म्हटलं होतं, पण ते सांगितल्याशिवाय तू कशाला वाचशील माझी पत्रं?

सोंगक्रानला, नव्या वर्षाच्या दिवशी तू फोनमध्ये त्या माणसाला शेजारी बसवलंस आणि लेकीला म्हणालीस, "प्रासित काकांना नमस्कार कर." तिनं केला, हसून केला. मी फोन घेऊन बाहेर गेले आणि तुला काय काय बोलले ते दोघींनाही पाठ आहे. तू म्हणालीस, "आई, मी फक्त पैसे पाठवायचं यंत्र आहे का?" मी म्हटलं, "तिकडे संसार थाटायचा असेल तर इकडे तोंड दाखवू नकोस." तू रडत फोन ठेवलास.

तुला वाटत असेल, लेकच तुझा फोन उचलत नाही. तसं नाही. त्याच संध्याकाळी मी बुआलोयच्या मुलीला सांगून तुझे फोन आणि निरोप यायचे बंद करायला लावले. एक बोट दाबलं, झालं. पोरीला सांगितलं, आईला काम आहे. तू अडीच महिने फोन लावत असशील, निरोप पाठवत असशील. तुझा एकही शब्द इथे पोचला नाही. पोर जुनेच सोळा शिळे करून खात होती, आणि नंतर तेही मीच बुडवले. आपलेच दात, आपलेच ओठ.

का केलं? तुझा बाप तैवानला गेला तेव्हा तू तीन वर्षांची होतीस. आधी पत्रं यायची. मग त्यानं एक कॅसेट पाठवली, स्वतःच्या आवाजातली. मी ती रोज संध्याकाळी लावायची आणि त्याला उत्तरं द्यायची. "भात झाला का लाम्दुआन?" "झाला, झाला." शेजारचे हसायचे. तू तर टेपरेकॉर्डरच्या खाचेत भात कोंबायचीस, बाबा जेवले नाहीत म्हणून. एक दिवस त्या भातानं फीत अडकून तुटली. मी तुला केळीच्या सोपटानं मारलं, बाप मेल्यासारखं मारलं. पुढे तिकडून कुणीतरी सांगत आलं, की त्याच्यासोबत एक बाई राहते. नंतर काहीच आलं नाही.

म्हणून फोनमध्ये तुझ्या शेजारी माणूस दिसला आणि मला तो सगळा रस्ता दिसला. मला वाटलं, पोरीला तुटायचंच आहे तर आत्ताच तुटू दे, लहानपणी जखम लवकर भरते. तू तीन वर्षांची होतीस, तुझी भरली का, हे विचारायचं मला सुचलं नाही. आणि जी बाई स्वतः कॅसेटला उत्तरं द्यायची, तिला आपली नात काय करते आहे ते ओळखू आलं नाही! बैल गेला आणि झोपा केला.

बारा ऑगस्टला शाळेत आईचा दिवस आहे. पोरं आयांपुढे गुडघे टेकतात. तोवर तरी फोन कर. तिला तुझ्या पाया पडायला सांग. ओरड तिच्यावर. काहीही बोल, पण तुझ्या तोंडानं बोल.

आई


१३ ऑगस्ट

सायरुंग,

काल आईचा दिवस झाला. सगळं सांगते, मग एक काम सांगते.

पहिलीत एकोणीस पोरं. आलेल्या आया सहा. उरलेल्या खुर्च्यांवर जुम बाईंनी फोन उभे केले होते, मागे विटा लावून. कुणाची आई बँकॉकच्या शिवणकारखान्यात, कुणाची तैवानात, कुणाची जहाजावर. पोरांनी मोगऱ्याचे हार हातात घेऊन फोनपुढे गुडघे टेकले, डोकं खुर्चीला लावलं. एका आईच्या अंगावर कामाचा डगला होता, मागून मुकादम ओरडत होता, ती "दोन मिनिटं, साहेब" म्हणत रडत होती. एका पोराचा फोन मध्येच बंद पडला आणि ते चार्जर शोधत वर्गभर पळालं. एरवी मी हसले असते.

तुझ्या खुर्चीवर मी ताठ बसले होते, कमरेला सणाचा रेशमी फानुंग गुंडाळून. खाओहोम हार घेऊन समोर आली. खुर्चीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. कुठे टेकवू तो हार, असं तिच्या तोंडावर दिसत होतं. मग वळली आणि दारातून निघून गेली. मला उठायला वेळ लागला, गुडघे धरले होते. बाहेर आले तर रस्ता मोकळा.

घरी नाही. बुद्धविहारात नाही. बुआलोयकडे नाही. मग माझं लक्ष खुंटीकडे गेलं. बारीक विणीचं जाळं जागेवर नव्हतं. टोपलीतलं अंडंही नव्हतं.

तळ्यात ती कमरेपर्यंत पाण्यात उभी होती. दोन हातांनी जाळं फिरवत होती, आणि बोलत होती. पंचेचाळीस दिवसांनी तिचा आवाज ऐकला, घोगरा, म्हाताऱ्या माणसासारखा. "ये रे आईच्या ख्वाना, घरी ये. चिखलात राहू नको, पाण्यात राहू नको, घरी भात गरम आहे." माझेच शब्द. एकदा ऐकून पाठ केलेले. या पोरांना काही कळत नाही, असं म्हणणाऱ्याचं तोंड मला बघायचं नाही, मला माझंही बघायचं नाही.

मी पाण्यात उतरून तिच्या मागे उभी राहिले. तिच्या शर्टाचं टोक मुठीत धरलं. हाक मारली नाही, कारण ख्वान उचलणाऱ्याला मध्ये थांबवायचं नसतं. तिनं तीनदा जाळं फिरवलं आणि मोगऱ्याच्या हारासकट उचललं. त्यात माझं अंडं होतं, कच्चंच, चूल पेटवायला तिला येत नाही. भाताचे वाळके गोळे होते, दहाबारा. मी रोज हातात देत होते ना, ते ती फेकत नव्हती. साठवत होती. आणि तुझ्या झग्याच्या जागी फोनच्या चार्जरची वायर गुंडाळून ठेवली होती. माणसाची रोजची वस्तू लागते, हे तिनं पाहिलं होतं.

जाळ्यात चिखल, कमळाची मुळं आणि गोगलगाई भरल्या होत्या. तिनं ते छातीशी धरून, एकही शब्द न बोलता घरापर्यंत नेलं. पायऱ्यांपाशी थांबली. आतून कुणीतरी विचारायला हवं होतं, आणि घरात कुणी नव्हतं. मी मागच्या दारानं चढले, ओल्या फानुंगात अडखळत पुढच्या दारात आले. ती वर बघत होती.

मी विचारलं, "आला का?"

"आला," ती म्हणाली. "याय, जाळं जड लागतंय."

मी खाली बसले आणि रडले. आजवर तिच्यासमोर कधी रडले नव्हते. तिनं जाळं तुझ्या चटईवर ठेवलं, चिखल सगळ्या फळ्यांवर गळत होता, मी पुसला नाही. धागा काढून तिच्या मनगटाशी नेला तर तिनं हात मागे घेतला.

"माझ्या नाही. आईच्या हाताला."

"आईचा हात कुठून आणू गं?"

"पाठव."

"पाठवते."

"फोनवरून?"

"पाकिटातून."

तिला पाकीट म्हणजे काय ते दाखवावं लागलं. पोस्टाचं तिकीट दाखवलं. तिनं ते वास घेऊन पाहिलं. "किती दिवसांनी पोचतं?" मी म्हटलं, पंधरा. तिनं जुम बाईंकडून कॅलेंडर आणलं आणि पंधरा चौकोन मोजून सोळाव्यावर भाताचं चित्र काढलं. त्या दिवशी तुझा फोन आला की जेवणार म्हणते. तोवर भाताची पेज घेईन म्हणाली, वाटीभर, जास्त नाही. मी दोन वाट्यांसाठी घासाघीस केली. दीडवर मिटलं. आजचा दिवस पहिला.

सायरुंग, हा पत्ता खरा नसेल तर मी या पोरीला पुन्हा खोटं बोलले. म्हणून याच पत्राच्या तीन प्रती केल्या. एक कारखान्याला, एक तिकडच्या आपल्या बुद्धविहाराला, एक बुआलोयच्या भाच्याकडे, तो शनिवारी तिकडे निघतोय. तो म्हणाला, "मावशी, हजारो माणसांत कुठे शोधू?" मी म्हटलं, "जिच्या डाव्या भुवईत आंब्यावरून पडल्याची खूण आहे, तिला विचार."

पाकिटात पांढरा धागा आहे. तिन्ही पाकिटांत आहे. तो पोरीनं स्वतः वळला आहे, म्हणून जाडाभरडा झाला. आपल्याच मनगटाला एका हातानं गाठ मारता येत नाही, दुसरं कुणी लागतं. त्या प्रासितकडून बांधून घे. हो, त्याच्याचकडून. बांधताना त्यानं तिचं नाव घ्यावं, तेवढं सांग त्याला.

मग जुम बाईंच्या नंबरावर फोन लाव. तुझा आवाज यायच्या आधी इकडून पोर विचारेल, "आला का?" तिला ही रीत पक्की माहीत आहे. तू काय म्हणायचं ते तुलाही माहीत आहे.

आई